सर्कशीतल्या कसरती घरच्या घरी: बॉल, रुमाल, हूप, पोई, डायबोलो (ठाणे-नवी मुंबईकरांनी जरूर लिहा)

पाचपाखाडीवाली
बरेच दिवस मनात होतं धागा काढायचा, आज वेळ मिळाला. आमच्या घरी सध्या तीन पिढ्या जगलिंग, म्हणजे बॉल वगैरे हवेत उडवून झेलणं, शिकतायत. मी ४१, मुलगा ९ आणि माझी आई ६८. सुरुवात मुलाने केली, त्याला कुठेतरी व्हिडिओ दिसला आणि घरात होते ते तीन टेनिस बॉल घेऊन हॉलमध्ये सुरू झाला. पहिल्याच दिवशी एक बॉल टीव्हीमागे, एक देव्हाऱ्यात आणि तिसरा थेट बाल्कनीतून खाली, म्हणून मी त्याला थांबवायला गेले आणि बघता बघता स्वतःच लागले.

पण धागा काढायचं कारण आई आहे. ती सोफ्यावर बसून बघत होती, म्हणाली आण इकडे, आणि एका हाताने एक बॉल असा काही सरळ वर टाकला आणि झेलला की आम्ही दोघं बघतच राहिलो. ती लहानपणी सागरगोट्यात गल्लीत कुणाला ऐकायची नाही, पाच गोटे घेऊन खेळायची. एक गोटा हवेत असताना खालचे गोळा करायचे म्हणजे काय, तर हवेतला कुठे आणि कधी येणार हे न बघता कळायला हवं. ते तिच्या हातात पन्नास वर्षं तसंच राहिलंय. तीन बॉलचा साधा पॅटर्न तिला २३ दिवसांत जमला, मला पाच आठवडे लागले आणि मुलाला जवळजवळ दोन महिने.

तर मला वाटतं हे सगळं सर्कसवाल्यांचं किंवा फार चपळ मुलांचंच काम आहे असं आपण उगाच धरून बसलोय. कुठल्याही वयात शिकता येतं आणि सामान घरी बनतं. कोण कोण करतंय, काय शिकलात, कुठे अडलात ते लिहा. मी पण लिहिते हळूहळू.

घोडबंदरचा_बाबा
ताई मस्त धागा. मला दोन मुली, ६ आणि ११. तीन बॉल एकदम घेतले की सगळे एकाच वेळी हवेत आणि मग सगळे एकाच वेळी जमिनीवर. नक्की कुठून सुरू करायचं ते स्टेप बाय स्टेप सांगाल का?

पाचपाखाडीवाली
सांगते. तीन बॉल आत्ता विसरा.

एकच बॉल घ्या. कोपर अंगाजवळ, हात कमरेच्या वर, आणि उजव्या हातातून डाव्या हातात असा टाका की तो कमानीसारखा डोळ्यांच्या किंचित वर जाऊन पडेल. बघायचं कमानीच्या टोकाकडे, हाताकडे नाही. हे दोन्ही हातांनी इतकं करा की कंटाळा येईल, कारण नंतरचं सगळं याच एका फेकीवर उभं आहे.

मग दोन, दोन्ही हातात एकेक. उजवा टाकला, तो टोकाला पोचला की मग डावा टाकायचा. तोंडाने म्हणायचं "टाक, टाक, झेल, झेल". इथे जवळपास प्रत्येकाची एक चूक होते, दुसरा बॉल वर न टाकता आडवा दुसऱ्या हातात सरकवला जातो. माझं दोन आठवडे तेच होत होतं. उपाय एकच, डाव्या हाताने सुरुवात करून पण तितक्याच वेळा करायचं. दोन्ही कमानी सारख्या उंचीच्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरा बॉल आला की ज्या हातात दोन आहेत त्याच हाताने सुरुवात. तीन फेकी, तीन झेल, आणि थांबा. लगेच चौथी फेक नको. तीन नीट जमले की चार, मग पाच, असं. बॉल पुढे पुढे जात असतील आणि तुम्ही त्यांच्यामागे चालत असाल तर भिंतीसमोर दोन हात अंतर ठेवून उभे रहा, आपोआप सरळ यायला लागतात. आणि पलंगासमोर उभं राहून करा म्हणजे पडलेला उचलायला प्रत्येक वेळी वाकायला नको, खालच्या मजल्यावर धप धप आवाज पण जात नाही.

आईला एक सवय मोडावी लागली हां. सागरगोट्यात वरून झडप घालून धरतात, इथे तळवा वर ठेवून बॉलला हातात पडू द्यायचं. तेवढं जमल्यावर तिचं पुढचं पटापट झालं.

६ वर्षांच्या लेकीला बॉल देऊच नका आत्ता. तिला रुमाल द्या. जुनी शिफॉनची ओढणी असेल तर साधारण दीड फुटाचे चौकोन कापा. ते हवेतून इतके सावकाश खाली येतात की विचार करायला वेळ मिळतो. रुमालाला मधोमध चिमटीत धरायचं, हात उंच नेऊन समोरच्या बाजूला सोडायचं आणि वरून पकडायचं. हा मात्र उलटा प्रकार आहे, इथे झडप चालते.

शिवणकाम_ऐरोली
टेनिस बॉलचं सांगते. ते हलके असतात, साठ ग्रॅम पण भरत नाहीत, आणि पडले की उसळून कुठच्या कुठे जातात. भाच्यासाठी मी पिशवीसारखे बॉल शिवून दिले, पडले की तिथेच बसतात. चार पाकळ्या कापायच्या, प्रत्येक १० सेंमी लांब आणि मध्ये ५ सेंमी रुंद, शिलाईचं मार्जिन वेगळं. जोडल्या की साधारण साडेसहा सेंमीचा गोळा होतो. कापड जीन्सचं नाहीतर जाड कॉटन, सिंथेटिक नको, घामाने सटकतं. आत तांदूळ, बाजरी काहीही चालेल, पण मला सगळ्यात आवडलं राळं, म्हणजे एक बारीक भरडधान्य. बाहेर विकतच्या चांगल्या बॉलमध्ये पण मिलेटच भरतात म्हणे. दाणा बारीक आणि गुळगुळीत, हाताला छान लागतं. जवळजवळ पूर्ण भरला की ११० ग्रॅमच्या आसपास वजन होतं. तिन्हींचं वजन सारखं हवं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घ्या.

महत्त्वाचं म्हणजे धान्य भरण्याआधी कढईत कोरडं भाजून पूर्ण गार करा. पहिल्या खेपेला मी तसंच भरलं आणि जुलैमध्ये बॉलमधून पोरकिडे बाहेर यायला लागले. आपल्याकडच्या पावसाळ्यात न भाजलेलं धान्य टिकत नाही.

घोडबंदरचा_बाबा
शिवता येत नसेल तर?

शिवणकाम_ऐरोली
दादा फुगे घ्या. धान्य आधी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोळा करून चिकटपट्टी लावा. साध्या वाढदिवसाच्या फुग्याची मान कात्रीने कापा आणि तो फुगा त्यावर ताणून चढवा, मग दुसरा फुगा उलट्या बाजूने म्हणजे आधीचं तोंड झाकलं जातं. तीन-चार थर करा. दहा मिनिटांत होतो एक. महिन्या-दोन महिन्यांत रबर फाटतं, वरून नवा फुगा चढवायचा, बाकी काही नाही.

मल्लखांबवेडा
वाचतोय. विरोध म्हणून नाही पण मनापासून विचारतो, आपल्याकडे मल्लखांब आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला, लेझीम आहे, दोरीवरच्या कसरती आहेत. हे सगळं सोडून बाहेरच्या गोष्टी मुलांना का शिकवायच्या? मी स्वतः ठाण्यात मुलांना शिकवतो म्हणून जास्त वाटतं.

पाचपाखाडीवाली
दादा प्रश्न योग्य आहे, पण बाहेरचं आणि आपलं इतकं वेगळं काढता येत नाही असं मला वाटतं. भारतातली पहिली सर्कस मराठी माणसाने काढली. विष्णुपंत छत्रे, मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. इटालियन कियारिनीची सर्कस मुंबईत आली होती ती त्यांनी पाहिली आणि २० मार्च १८८० ला मुंबईत स्वतःच्या सर्कशीचा पहिला खेळ केला. पुढे केरळात थलश्शेरीला कीलेरी कुञ्ञिकण्णन भेटले, जे तिथे कसरती आणि कलरी (केरळची युद्धकला) शिकवायचे, त्यांनी सर्कससाठी मुलं तयार केली आणि १९०१ मध्ये जवळच चिरक्करला सर्कस शिकवणारी शाळाच काढली. म्हणजे एका इटालियनाची सर्कस बघून मराठी माणसाने सुरू केलेली गोष्ट मल्याळी गुरूने मोठी केली. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ-सिंहांचे खेळ घेऊन अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोचले.

आणि हाताने वस्तू उडवून झेलणं तर कुणा एकाचं नाहीच. इजिप्तमध्ये बेनी हसनच्या थडग्यांत भिंतीवर बायका चेंडू उडवतायत अशी चित्रं आहेत, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची. टोंगा बेटांवर मुली फळं किंवा बिया घेऊन हेच खेळतात, त्याला हिको म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला आईचे सागरगोटेच दिसले डोळ्यासमोर.

मल्लखांब सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण माझी आई मल्लखांबावर चढू शकत नाही, तीन बॉल मात्र उडवू शकते. माझं सगळं म्हणणं तेवढ्यावर आहे.

मल्लखांबवेडा
पटलं. आईंना नमस्कार सांगा. माझ्याकडची दोन मुलं लक्ष लागत नाही म्हणून घरचे घेऊन आलेत, त्यांना वॉर्मअपला रुमाल देऊन बघतो.

कळवा_खाडी
एक मुद्दा मांडू का. सर्कस म्हटलं की मला लहानपणी बघितलेली मारून शिकवलेली मुलं आठवतात. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्कशीत लहान मुलांना कामाला लावण्यावर बंदी आणायला सांगितलं ते उगाच नाही. त्यामुळे आपल्या मुलांना हे शिकवताना मला थोडं अवघड वाटतं.

पाचपाखाडीवाली
तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. म्हणूनच आमच्याकडे काही गोष्टी ठरलेल्या आहेत. मुलाला पाहुण्यांसमोर करून दाखव असं कुणी म्हणायचं नाही. दिवसाला पंधरा मिनिटं, त्याला नको असेल त्या दिवशी नाही. आणि पडला म्हणून कुणी हसायचं नाही, अगदी आजीपण नाही. एकदा एका क्लासला ट्रायलला नेलं होतं, तिथे बॉल पडला की दहा उठाबशा. दुसऱ्या दिवसापासून नेलं नाही. अहो बॉल पडणारच, पडल्याशिवाय हाताला कळणार कसं की जोर जास्त झाला की कमी.

अर्धा_फिजिक्स
मी शाळेत विज्ञान शिकवते, वाशीला. ताईंच्या पोस्टला थोडं गणित जोडते कारण माझ्या मुलांना यातूनच गुरुत्वाकर्षण सगळ्यात चांगलं समजलं.

हातापासून ६० सेंमी उंच टाकलेला बॉल साधारण ०.७ सेकंदात परत त्याच पातळीला येतो. आता मुलं काय करतात, वेळ पुरत नाही म्हणून उंच टाकतात. पण १२० सेंमीवर टाकलं तरी वेळ दुप्पट होत नाही, १ सेकंदच्या आसपासच मिळतो. वेळ दुप्पट, म्हणजे १.४ सेकंद हवा असेल तर २४० सेंमी, चौपट उंची लागते, म्हणजे फ्लॅटमध्ये डोक्यावरचा पंखा आला. आणि उंच फेक थोडीशी वाकडी गेली तरी खाली येईपर्यंत कुठच्या कुठे जाते. म्हणून सुरुवातीला घाई वाटली तर उंची न वाढवता दुसरी फेक उशिरा सोडायची, ताई म्हणतात तसं पहिला टोकाला पोचल्यावर.

क्लॉड शॅनन नावाचे गणितज्ञ होते, ज्यांच्या इन्फर्मेशन थिअरीवर आजची मोबाईलची दुनिया चालते, त्यांना जगलिंगचं वेड होतं. त्यांनी एक सुंदर नियम मांडला. बॉल हवेत असण्याचा वेळ अधिक हातात असण्याचा वेळ, याला हातांच्या संख्येने गुणा. हात रिकामा असण्याचा वेळ अधिक भरलेला असण्याचा वेळ, याला बॉलच्या संख्येने गुणा. दोन्ही सारखे येतात. समजा बॉल ०.७ सेकंद हवेत आणि ०.३ सेकंद हातात, हात दोन, बॉल तीन. मग प्रत्येक हाताला साधारण ०.६७ सेकंदाला एक झेल घ्यावा लागतो. नववीच्या मुलांनी मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून हे स्वतः मोजलं आणि बऱ्यापैकी जुळलं तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो अजून कानात आहे.

मेंदूचंही सांगते. २००४ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या संशोधकांनी २४ जण घेतले ज्यांना जगलिंग येत नव्हतं, निम्म्यांनी तीन महिने तीन बॉल शिकले. स्कॅनमध्ये हलत्या वस्तूंकडे बघताना वापरल्या जाणाऱ्या भागांत राखाडी द्रव्य वाढलेलं दिसलं, आणि पुढे तीन महिने सराव सोडल्यावर ते कमी झालं. नंतर साठीच्या आसपासच्या लोकांवरही असाच प्रयोग झाला, त्यांच्यातही बदल दिसले, पण तरुणांइतकं चांगलं जगलिंग सगळ्यांना जमलं नाही. त्यामुळे हे केलं की गणितात मार्क वाढतात वगैरे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तसं यातून सिद्ध होत नाही.

खारघर_हूप
मी बॉलवाली नाही, हूपवाली, म्हणजे कमरेभोवती मोठं कडं फिरवते. वय ५२. लहानपणी जमायचा, मग चाळिशीत मुलीचा हूप घेतला तर दोन फेऱ्यांत खाली. मी धरूनच चालले की आता वय झालं. नंतर कळलं की दुकानात मिळतो तो लहान मुलांचा, हलका आणि छोटा, तो इतक्या जोरात फिरतो की मोठ्या माणसाला त्याच्याबरोबर राहताच येत नाही. उभा धरला तर बेंबीपर्यंत यायला हवा.

हार्डवेअरवाल्याकडून काळा एचडीपीईचा (प्लास्टिकचा) पाऊण इंची पाईप आणला, एक मीटर व्यासाच्या हूपला सव्वातीन मीटर घ्या थोडा कापून टाकायला. टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ करायची आणि आत जोडणीचा तुकडा घट्ट बसवायचा. वरून कापडी चिकटपट्टी तिरकी गुंडाळायची म्हणजे कपड्याला पकड मिळते. कॉटनचा कुर्ता घाला, लेगिंग्ज-सिल्कवर घसरतो. आणि कंबर गोल गोल फिरवायची नाही! एक पाय पुढे ठेवून पुढे-मागे ढकलायचं, एवढंच. हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून माझी दहा वर्षं गेली.

खारघरच्या सेंट्रल पार्कला सकाळी करते. आधी लोक बघायचे, आता दोन बायका माझ्याबरोबर करतात, त्यातली एक सत्तरीची आहे.

नेरूळची_मावशी
मला उजवा खांदा आखडलेला होता, आता बराच सुटलाय. मी हे करू शकते का? बसून करण्यासारखं काही आहे का?

पाचपाखाडीवाली
मावशी, आधी तुमच्या फिजिओला विचारा, खांदा किती वर न्यायचा ते तेच सांगतील. त्यांनी हो म्हटलं तर मोरपीस घ्या. तळहातावर उभं करायचं आणि फक्त वरच्या डोळ्याकडे बघायचं, हाताकडे बघितलं की पडलंच. ते हलकं असतं, सावकाश कलतं, हात वर न्यावा लागत नाही, खुर्चीत बसून होतं. जमलं की लांब काठी किंवा झाडूचा दांडा. लांब वस्तू सोपी, पेन्सिल अवघड, कारण छोटी वस्तू लवकर कलते आणि हाताला सावरायला वेळच मिळत नाही. माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं वाढतं त्या दिवशी ती हेच करते.

घोडबंदरचा_बाबा
अपडेट. धाकटीला दोन रुमाल जमले चार दिवसांत. मोठीला डायबोलो हवाय. कुणाला येतो का?

पाचपाखाडीवाली
मुलाला येतो थोडाफार. डमरूसारखा आकार, मध्ये दोरी आणि दोन काठ्या. मूळ चीनमधला खेळ. लेक उजवी असेल तर डायबोलो उजवीकडून डावीकडे जमिनीवर घरंगळत आणायचा आणि उचलायचा, मग फक्त उजव्या हाताने वर झटके द्यायचे, डावा हात नुसता सोबत. दोन्ही हात सारखे हलवले की फिरतच नाही. वेग आला की तो हळूहळू वळायला लागतो, तेव्हा तिनेही त्याच्याबरोबर पावलं टाकत वळायचं, म्हणजे वाटी कायम तोंडासमोर राहील. फ्लॅटमध्ये नको, सुटला तर काच फुटते. आम्ही पहाटे तलावावर नेतो, गर्दी व्हायच्या आधी.

आणखी एक स्वस्तातला प्रकार म्हणजे पोई. न्यूझीलंडच्या माओरी लोकांची कला आहे. फुटबॉलचे लांब मोजे घ्या, टोकात मूठभर राळं बांधून घाला, दुसरं टोक हातात, आणि दोन्ही बाजूंनी चक्रासारखं फिरवा. स्वतःला लागलं तरी मऊ लागतं. व्हिडिओत आग लावून फिरवतात ते मुलांना दाखवलंत तर त्याच दिवशी सांगून ठेवा की ते आपलं नाही.

कळवा_खाडी
फिरत्या ताटल्यांचं राहिलं. माझ्या मुलाने स्टीलच्या ताटावर प्रयत्न केला आणि ताट गेलं खाली.

अर्धा_फिजिक्स
स्टीलचं नकोच, कडा लागते. प्लास्टिकची खास ताटली मिळते, मध्ये खोलगट टोक असतं आणि खाली कड. काठी सरळ उभी, ताटली कडेने लटकवायची, मनगटाने आधी हळू मोठे गोल, मग वेग वाढवत जायचं. ताटली आडवी झाली की हात एकदम थांबवायचा, टोक आपोआप मधल्या खोलगट भागात जाऊन बसतं आणि ती फिरत राहते. पाच वर्षांच्या मुलांनाही जमतं. ज्यांना बॉल जमत नाहीत म्हणून वाईट वाटतं त्यांना मी आधी हेच देते.

नेरूळची_मावशी
फिजिओने परवानगी दिली. मोरपीस आणलं. आज ११ सेकंद.

पाचपाखाडीवाली
मावशी!! आईला वाचून दाखवलं, ती म्हणते आता डाव्या हातावर पण करा.

सगळ्यांसाठी, रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही कचराळी तलावाजवळ असतो, पाऊस असेल तर नाही. नवी मुंबईवाल्यांना ट्रान्स हार्बरने ठाणे स्टेशन आणि पुढे रिक्षा. बॉल नसतील तरी या, आईने राळं भाजून ठेवलंय.

घोडबंदरचा_बाबा
आम्ही तिघं येतो. फुगे घेऊन येऊ का?

पाचपाखाडीवाली
हो, मोठ्या पाकिटातले आणा, लहान फुगे चढवताना फाटतात. आणि कात्री.